ठाणे-वाशी लोकल आणि योगसूत्रांतलं तेहतिसावं सूत्र

सकाळी ठाण्याला ट्रान्सहार्बरची गाडी लागते आणि ती पुरती थांबायच्या आत खिडक्या जातात. उरलेल्यांना चौथी सीट, नाहीतर कडी. वाशीपर्यंतच्या अर्ध्या तासातला बराच वेळ मग मनातल्या मनात कुणाशी तरी भांडण्यात जातो.

पतंजलींच्या योगसूत्रांतल्या पहिल्या भागातलं, म्हणजे समाधिपादातलं ३३वं सूत्र इथे कामाला येतं. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, चांगलं वागणाऱ्याविषयी मुदिता (आनंद) आणि वाईट वागणाऱ्याविषयी उपेक्षा बाळगली की चित्ताचं ‘प्रसादन’ होतं. म्हणजे गढूळ पाणी निवळतं तसं ते निवळतं. जुने टीकाकार वाचस्पती मिश्र यांनी टीकेत, म्हणजे सूत्रं उलगडणाऱ्या विवरणात, कुठल्या भावनेने कुठला मळ जातो तेही सांगितलंय: मैत्रीने ईर्ष्या, करुणेने दुसऱ्याचं वाईट करण्याची इच्छा, मुदितेने असूया, उपेक्षेने अमर्ष, म्हणजे सहन न होऊन आलेला राग. हे कोष्टक उलटं वापरावं. आधी मळ ओळखायचा, मग उपाय.

खिडकीवाल्याकडे बघून चडफड झाली तर ती ईर्ष्या. कुणी उठून आजोबांना जागा दिली आणि मनात आलं, ‘दाखवायला करतोय’, तर ती असूया. ही पकडायला सगळ्यात अवघड, कारण ती स्वतःला चिकित्सा म्हणवते.

खरा घोळ उपेक्षेचा. आजच्या मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड, म्हणून लोक गप्प बसणं हाच योग समजतात. टीकेतला अर्थ आहे माध्यस्थ्य, म्हणजे तटस्थपणा. रिक्षाच्या रांगेत कुणी मध्येच घुसला तर ‘रांग तिकडून आहे हो’ एवढं साध्या आवाजात जरूर सांगावं. छेडछाड होत असेल तर तक्रारच करावी. उपेक्षा करायची ती त्यानंतर मनात चालू राहणाऱ्या संवादांची. ऐरोली गेली तरी त्याला सुनावणं चालूच असेल, तर उपेक्षा झालेली नाही; राग फक्त गिळलाय.

हे ओळखायचं कसं? ३१व्या सूत्रात विक्षेपाचे, म्हणजे चित्त विचलित होण्याचे, चार सोबती दिलेत: दुःख, दौर्मनस्य (मनाची खिन्नता), अंगमेजयत्व (अंगाची थरथर) आणि श्वास-प्रश्वास (ताब्यात नसलेला श्वास). पहिले दोन मन लपवतं, शेवटचे दोन शरीर लपवू शकत नाही. मध्ये दिघा गाव ते सानपाडा अशी सात स्टेशनं लागतात. प्रत्येक ठिकाणी गाडी थांबली की तीन गोष्टी बघा: दात आवळलेत का, कडीवरची मूठ गरजेपेक्षा घट्ट आहे का, श्वास छातीतच अडकलाय का.

श्वास अडकला असेल तर ३४वं सूत्र, प्रच्छर्दन, म्हणजे श्वास बाहेर सोडणं. आधी श्वास पूर्ण सोडा. मग नाकाने ४ अंक मोजत घ्या, ६ मोजत सोडा, पाच वेळा. बहुतेक जण सुरुवातीलाच मोठा श्वास ओढतात किंवा अंक फार सावकाश मोजतात. मग तिसऱ्या फेरीत धाप लागते. तसं झालं तर ३ आणि ४ वर या. सूत्रातलं विधारण, म्हणजे श्वास रोखणं, गर्दीत नकोच. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर हे श्वास रोखणं (कुंभक) शिक्षकासमोरही डॉक्टरांना विचारूनच.

चारही भावना एकदम धरू नका. पहिला आठवडा फक्त ईर्ष्येचा, तोही सकाळच्याच गाडीत; संध्याकाळी थकव्याने चिडचिड इतकी असते की कुठला मळ कुठला ते कळत नाही. कोपरखैरणेपर्यंत बहुधा विसरायला होतं. तुर्भ्याला दार मोकळं झालं की पुन्हा मुठीपासून सुरू करायचं.