उडता सरडा आणि वकीलसाहेब

गोव्यात काणकोणच्या बाजूला मी नेचर गाइडचं काम करतो आणि माझे निम्मे पाहुणे तरी उडत्या सरड्यासाठीच येतात, शास्त्रीय नाव ड्रॅको डुसुमिएरी. एप्रिलमध्ये पुण्याचे एक रिटायर्ड वकील आले, हातात ही भलीमोठी लेन्स, आणि आल्या आल्या, "मला फक्त उडतानाचा फोटो हवाय, बाकी काही दाखवू नका."

बोलणं सोपंय हो! पोफळीच्या खोडाला चिकटून बसला की बोट दाखवूनही दिसत नाही, नराने गळ्याखालची पिवळीधमक पिशवी बाहेर काढली तरच कळतं. उडी मारली की लांब बरगड्यांवरचा पडदा उघडतो, पुढच्या पायांनी तो पडद्याची कड धरतो (हे २०१७ मध्ये कर्नाटकातल्या आगुंब्याकडच्या अभ्यासातून समोर आलं) आणि फोकस होईपर्यंत सरडा पुढच्या झाडावर.

कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, वाट बघत बसलो तर वकीलसाहेबांची गाडी ‘ड्रॅको’ या नावावर घसरली. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये ड्रॅगनवरून नाव ठेवलं ते सोडा म्हणे, ड्रॅकॉन तर आमच्या धंद्यातला माणूस! अथेन्सला पहिले लेखी कायदे त्याचे, इ.स.पू. ६२१ च्या सुमाराचे, फळं-भाजी चोरली तरी मरणाची शिक्षा म्हणतात. पुढे अथेन्सच्याच सोलोन नावाच्या कायदेकर्त्याने सगळे रद्द केले, फक्त खुनाचा कायदा ठेवला, कारण त्यात चुकून झालेल्या हत्येला वेगळी वागणूक होती, फाशी नाही तर हद्दपारी, आणि मेलेल्याच्या नातेवाइकांनी मान्य केलं तर माफीसुद्धा. मला हे अजिबात माहीत नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या पोफळीवरून मादी खाली उतरली. थेट जमिनीवर! एरवी हा प्राणी खाली येत नाही, मादी येते ती अंडी घालायलाच. तोंडाने ओली माती उकरली, अंडी घातली, माती ओढली आणि वरून डोक्याने ठोकून ठोकून बसवली. साहेब पालथे पडून फोटो काढतायत आणि नेमका त्यांच्या डोक्यावरून एक नर तरंगत गेला. त्यांनी मान पण वर केली नाही.

पण भाटकार, म्हणजे बागेचा मालक, दुसऱ्या दिवशी तिथेच खतासाठी झाडांभोवती आळी खणणार होता. मी म्हटलं, दादा, एवढं एक झाड पावसापर्यंत सोड. तो कुरकुरला, सरड्यापायी खत थांबवू काय! वकीलसाहेब कपडे झटकत म्हणाले, "खण की, चुकून केलंस तर हद्दपारीवर सुटशील." त्याला ओ की ठो कळलं नाही, तरी त्याने अंड्यांभोवती चार काठ्या रोवल्या.

उडतानाचा फोटो राहिलाच, त्यासाठी पुढच्या एप्रिलचं बुकिंग झालंय.