दोन मशीन आणि एक काच

प्लेटलेट 19,000. तापाचा चौथा दिवस, डेंग्यूची एनएस1 चाचणी पॉझिटिव्ह आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आलेली. म्हापशातल्या एका खासगी इस्पितळाच्या लॅबमध्ये मी तंत्रज्ञ आहे. ऑगस्टमध्ये असे आकडे आमच्या मशीनमधून येतच असतात आणि बहुतेक वेळा ते खरेच असतात.

पेशंट पेडण्याकडचा, चाळिशीतला, हार्डवेअरचं दुकान असलेला. आदल्या संध्याकाळी गावाजवळच्या लॅबने 22,000 सांगितले म्हणून रातोरात इथे आणलेला. त्यामुळे आमचे 19,000 कोणाला खटकले नाहीत. ‘अजून घसरले’ एवढंच सगळ्यांनी वाचलं. इतका कमी आकडा आला की वॉर्डला लगेच फोन करायचा असतो, तो माझ्या सहकाऱ्याने केला. पाचच मिनिटांत मेहुण्याने गावच्या ग्रुपवर रक्तदात्यांसाठी मेसेज टाकला आणि पोरांची एक गाडी बांबोळीला, गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) रक्तपेढीकडे निघालीसुद्धा.

मला खटकले ते बाकीचे आकडे. डेंग्यूत पांढऱ्या पेशी सहसा खाली येतात, याच्या 9,800. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, 41, म्हणजे रक्त घट्ट होत असल्याची खूण नाही. शिवाय मशीनने काढलेला पेशींच्या आकाराचा आलेख. प्लेटलेटची रेघ उजवीकडे उतरत जाऊन तळाला टेकायला हवी. ही करवतीसारखी दातेरी होऊन वरच लटकत होती. पांढऱ्या पेशींच्या आलेखाला डाव्या टोकाला एक टेकाड आलं होतं. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत मशीनने स्वतःच शंका काढली होती: प्लेटलेटचे गठ्ठे? फोनवर आकडा सांगितला जातो, ही ओळ कोणी वाचून दाखवत नाही.

मशीन रक्त पातळ करून एका सूक्ष्म छिद्रातून सोडतं. पेशी त्यातून गेली की विजेच्या प्रवाहाला क्षणभर अडथळा होतो. अडथळा जेवढा मोठा तेवढी पेशी मोठी. वॉलेस कूल्टर या अमेरिकी संशोधकाला याचं पेटंट 1953 साली मिळालं. आमच्या मशीनमध्ये प्लेटलेट मोजायची रीत आजही तीच आहे. मशीन प्लेटलेट ओळखतं ती आकारावरून. दहा-वीस प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या तर तो गोळा प्लेटलेटच्या मापात बसत नाही. मशीन त्याला वगळतं, नाहीतर पांढरी पेशी समजतं. चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला बांधलेला सुपाऱ्यांचा घड ‘एक नग’ म्हणून मोजावा, तसं.

मी वर फोन लावला. “डॉक्टर, स्लाइड बघते, अर्धा तास द्या.” ड्युटीवरचे डॉक्टर तरुण, रात्रभर जागे. “मॅडम, दोन लॅबचे रिपोर्ट जुळतायत. अजून काय हवं?”

मला तर जुळणंच पुरेसं वाटत नव्हतं. दोन्हीकडे रक्त जांभळ्या झाकणाच्या, म्हणजे ईडीटीएच्या नळीत घेतलेलं. दोन्हीकडे मशीन याच पद्धतीने मोजणारं. नळीतच काही बिघडलं असेल तर दोन्ही मशीन सारखीच फसणार. एकाच खिडकीतून पाहिलेल्या दोघांची साक्ष ती, दोन वेगळ्या साक्षी कशा होतील? डॉक्टरांना मी एवढंच विचारलं, “अंगावर लाल ठिपके आहेत? हिरड्यांतून रक्त?” ते थोडं थांबले. “नाही.” मग म्हणाले, “बघा स्लाइड.”

काचेवर रक्ताचा थर ओढला, लेशमनचा रंग दिला, वाळवला. थराच्या मधल्या भागात प्लेटलेट तुरळकच होत्या. टोकाला, जिथे थर पिसासारखा विरळ होतो तिथे काच सरकवली आणि गठ्ठेच गठ्ठे दिसले, जांभळट आणि दाणेदार. काही तर पांढऱ्या पेशीहून मोठे.

ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून नळीतलं रक्त गोठत नाही. पण हजारात एखाद्याच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात, की कॅल्शियम काढून घेतलं की तीच प्लेटलेटना एकत्र चिकटवतात. हे शरीरात घडत नाही, नळीत घडतं. नमुना जितका वेळ पडून राहील तितकं वाढतं.

नवीन नमुना घ्यायला मी निळ्या झाकणाची नळी, म्हणजे ईडीटीएऐवजी सायट्रेट हे दुसरं रसायन असलेली, घेऊन स्वतः वर गेले. मेहुणा दारातच उभा होता. “ताई, दोन दोन मशीन सांगतात आणि तुम्ही डोळ्यांनी बघून नाही म्हणता?” राग नव्हता त्याच्या आवाजात, भीती होती. त्याला काचेवरचा फोटो मोबाईलवर दाखवला. त्याने तो बराच वेळ पाहिला, पण पटलं असं काही वाटलं नाही.

सायट्रेटच्या नळीत 1,26,000 आले. या नळीत आधीच थोडं द्रावण असतं, त्यामुळे आकड्याला 1.1 ने गुणायचं: 1,38,600. पुन्हा स्लाइड केली, सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणाऱ्या दर क्षेत्रात आठ-नऊ प्लेटलेट, गठ्ठा एकही नाही. अशा एका प्लेटलेटमागे पंधरा हजार धरतात; तसं गुणलं तरी हिशेब जवळपास तिथेच येत होता.

पोरांची गाडी पर्वरीहून परत फिरवली. खरं तर 19,000 खरे असते तरी घाई नव्हती. रक्तस्राव नसेल तर 10,000 च्या खाली गेल्यावर प्लेटलेट देण्याचा विचार करायचा, असं राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाच सांगतात. पण पेशंटच्या खाटेभोवती पाच माणसं उभी असताना हे वाक्य बोलायला छाती लागते, आणि ती रात्रपाळीच्या डॉक्टरकडून अपेक्षिणं मला अन्यायाचं वाटतं.

डेंग्यू मात्र खरा होता. पुढच्या दोन दिवसांत निळ्या नळीतला आकडाही 80,000 पर्यंत उतरला, मग चढला. डॉक्टरांचं लक्ष हिमॅटोक्रिटवर होतं, तो आकडा हलला नाही. घरी सोडताना केसपेपरवर लाल शाईने लिहून दिलं: प्लेटलेट सायट्रेटमध्येच तपासाव्यात.

त्यानंतर पॅथॉलॉजिस्टनी कॉम्प्युटरमध्ये बदल करून घेतला. आकडा 50,000 च्या खाली आणि सोबत गठ्ठ्यांची शंका असेल, तर स्लाइडची नोंद केल्याशिवाय रिपोर्ट पुढे सरकत नाही. वॉर्डला फोन करतानाही ‘स्लाइड बाकी आहे’ हे सांगायचं. रात्रपाळीची मुलं कुरकुरतात. बहुतेक काचांवर गठ्ठे नसतातच, आकडा खरा निघतो आणि अर्धा तास फुकट गेला असं त्यांना वाटतं.