डॅफमधल्या एकेका शब्दाची तयारी

यूपीएससीच्या एकूण 2025 गुणांपैकी मुलाखतीला 275. मंडळापुढे आपले लेखीचे गुण नसतात. असतो तो डॅफ, म्हणजे आपणच भरलेला सविस्तर अर्ज. त्यामुळे मी वर्तमानपत्रांच्या कात्रणांआधी डॅफची प्रिंट घेऊन बसलो. जन्मगाव, जिल्हा, पदवीचा विषय, छंद, सेवांचा पसंतीक्रम, अशा प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि दर शब्दाला वहीचं एक पान दिलं.

सर्वांत जास्त पानं छंदाने खाल्ली. 'गडकिल्ल्यांची भटकंती' हे लिहायला सोपं, पण त्यातून प्रश्न कुठेही जातात. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेले 12 किल्ले कोणते? त्यातला महाराष्ट्राबाहेरचा कोणता? (तमिळनाडूतला जिंजी.) राजगड सोडून राजधानी रायगडावर का नेली? साल्हेरचं महत्त्व काय? आणि हमखास येणारा: जिल्हाधिकारी म्हणून गडावरचा कचरा आणि गर्दी कशी आवराल? माहितीचे प्रश्न दोन दिवसांत होतात. या शेवटच्या प्रश्नाला मात्र आठवडा द्यावा, कारण तिथे वन विभाग, पुरातत्त्व खातं, ग्रामपंचायत या सगळ्यांचे अधिकार ठाऊक असावे लागतात. न जोपासलेला छंद लिहू नये. तिसऱ्याच उपप्रश्नाला पितळ उघडं पडतं.

मुलाखत मराठीतून देता येते, दुभाषी मिळतो. पण मग सरावही तसाच हवा. सलग दोन मिनिटं बोललात तर दुभाष्याकडून निम्मं गळतं आणि मंडळाला तुमचं उत्तर विस्कळीत वाटतं. दोन-तीन छोटी वाक्यं, मग थांबा. मी एका मित्राला इंग्रजी अनुवाद करायला बसवून रोज अर्धा तास हे केलं. 'विकेंद्रीकरण', 'राजकोषीय तूट' असे शब्द अडतात. त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द जिभेवर ठेवावेत.

मॉक, म्हणजे सरावाच्या मुलाखती, तीन-चार पुरेत. त्याहून जास्त दिल्या की उत्तरं पाठ म्हटल्यासारखी यायला लागतात, शिवाय प्रत्येक ठिकाणचा सल्ला वेगळा. रेकॉर्डिंग मात्र ऐकाच. 'म्हणजे', 'ॲक्चुअली' किती वेळा येतं ते कळतं. उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, सर" एवढंच म्हणायची सवय करावी. अंदाजाने ठोकून दिलं की पुढचा प्रश्न त्याच अंदाजावर येतो.

कागदपत्रांची फाइल आधीच लावा. दहावीचं प्रमाणपत्र, पदवी, ओळखपत्र, सगळं मूळ प्रतींसह. ओबीसी उमेदवारांनी केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं. राज्याच्या नोकरभरतीसाठी काढलेलं नॉन-क्रिमीलेअर इथे चालत नाही. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर प्रतिज्ञापत्र गावीच करून घ्या, दिल्लीत पोचल्यावर त्याची धावपळ नको.