"एवढं काय त्या व्याकरणाचं घेऊन बसता?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नवीन पोरं विचारतात, घरचे विचारतात, की ॲम्ब्युलन्सवरच्या माणसाचं काम जीव वाचवायचं, त्याचं रिपोर्टमधे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर बिघडलं कुठे? इतकी वर्षं मी एकच उत्तर देत आले की औषधाचं नाव चुकलं, मिलिग्रॅमचं मायक्रोग्रॅम झालं की डोस हजारपट फिरतो. ॲड्रेनलिनचं, म्हणजे जीव वाचवायला देतात त्या इंजेक्शनचं, द्रावण 1:1000 आणि 1:10000 यात फक्त एका शून्याचा फरक, पण ताकद दहापट. अमेरिकेत जॉइंट कमिशनने, म्हणजे रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने, 2004 मधे लिहिताना टाळायच्या खुणांची यादी काढली त्यात हेच आहे, 1.0 लिहू नका 1 लिहा, .5 लिहू नका 0.5 लिहा, कारण टिंब दिसलं नाही की संपलं.

हे सगळं खरंच आहे. पण माझं खरं कारण हे नाही.

एक आजी, बाथरूममधे पडलेल्या, डोक्याला खोक, रक्त बरंच. आम्ही पोचलो तेव्हा बोलत होत्या, नाडी ठीक, ईसीजीत काही दिसलं नाही. सूनबाई सांगत होत्या की उभ्या उभ्या अंधारी आली आणि कोसळल्या. माझ्याबरोबरच्या मुलाने हिस्ट्री लिहिली, "बाथरूममधे पडून चक्कर आली डोक्याला जखम आता शूध्दीवर आहे". मी वाचलं. "शूध्दी" खोडून लाल पेनाने "शुद्धी" केलं, त्याला दोन शब्द सुनावले, आणि सही केली.

चक्कर येऊन पडल्या होत्या हो त्या. पडून चक्कर नव्हती आली. दोन शब्दांची जागा बदलली, "ऊन" भलत्याला लागला, आणि हृदयाचा पेशंट डोक्याचा पेशंट झाला. पेशंट सोपवताना तोंडी माहिती दिली होती पण त्या गडबडीत कोण काय ऐकतं, आणि शिफ्ट बदलल्यावर पुढच्या डॉक्टरपर्यंत पोचतो तो कागदच. टाके घातले, सीटी नॉर्मल आला, घरी सोडायची तयारी, आणि पलंगावरून उठताना त्या परत कोसळल्या. ठोके मधेच थांबत होते. वाचल्या, पेसमेकर बसला, पण त्या दुसऱ्या पडण्यात खुबा मोडला. सूनबाई मला म्हणाल्या, "मी तर तुम्हाला आधीच सांगितलं होतं." हो, सांगितलं होतं.

त्या मुलाची चूक होती असं मी बरेच दिवस म्हणत राहिले. सलग चौथा कॉल होता, पहाट झालेली, तो बावीस वर्षांचा, मी अनुभवी, आणि ते वाक्य मीच वाचलं होतं! उकार दिसला मला, अर्थ नाही दिसला.

आताच्या पोरांचं लिहिणं घसरलंय हे मी मागे घेणार नाही. ॲपमधे टिकमार्क करत शिकलेत, फोन शब्द पुरा करून देतो, मेसेजमधे पूर्णविराम नसतोच, त्यामुळे सलग तीन वाक्यं क्रमाने लिहायची वेळ आली की अडतात. पण माझे जुने रिपोर्ट काढून पाहिले तर त्यातही आधी काय नंतर काय कळत नाही, फक्त शुद्धलेखन चांगलं आहे. आणि वैद्यकीय ज्ञान या पोरांचं माझ्या त्या वयापेक्षा जास्त आहे, हेही खरं.

मग वेलांट्या सोडून देऊ का? तेही होत नाही माझ्याच्याने. ज्याची नजर शब्दावर थांबत नाही त्याची वाक्यावर थांबेल का असं वाटतं, आणि लगेच आठवतं की माझी तर शब्दावर थांबली होती.

परवा टीममधल्या एका मुलीने लिहिलेला पेशंटचा रिपोर्ट आला, चार चुका, पण लिहिलं होतं "आधी छातित धडधड मग अंधारी मग पडले, पडताना काहि आठवत नाहि". मी लाल पेन उघडलं, बंद केलं आणि तशीच सही केली. बरोबर केलं का ते अजून ठरत नाहीये.