पाकळीचा ल

त्या वर्षी मी लोणच्याचीच लेबलं करत होते. म्हणजे मसाला, पापड, भाजणीसुद्धा. पण काहीही करायला घेतलं तरी होता होता ते मागच्याच लेबलासारखं व्हायचं. जुनी फाइल उघडायची, नवं नाव देऊन सेव्ह करायची, कैरीच्या जागी लिंबू ठेवायचं. क्लायंट खूश. मीच आंबून गेले होते.

मैत्रीण म्हणाली, "चल टायपोग्राफी डेला. तीन दिवस फोन तरी बंद राहतील." २००८ साली पवईच्या आयआयटीत सुरू झालेला हा अक्षरवाल्यांचा मेळा गावं बदलत फिरतो. २०१८ च्या मार्चमध्ये तो मुंबईतच, जे. जे. उपयोजित कला संस्थेत होता. सीएसएमटीला उतरून चालत जायचं, एवढंच. न जायला सबबच उरली नाही.

निम्मी मंडळी काळ्या कपड्यांत, सगळ्यांच्या गळ्यात पट्टे. पडद्यावर एकामागून एक इतकी देखणी कामं सरकत होती की मला हुरूप यायच्याऐवजी धडकीच भरली. ही माणसं एका वेलांटीवर महिना काढतात आणि मी एका दुपारी चार लेबलं हातावेगळी करते! खरं सांगायचं तर जेवण झाल्यावर हळूच सटकायचा बेत होता. जेवण बरं होतं, म्हणून थांबले.

आणि मग कोणीतरी पडद्यावर फक्त दोन ल ठेवले. भलेमोठे, शेजारी शेजारी. एक दंडाचा, हिंदीतला. दुसरा शिरोरेषेला देठानं लोंबणारा, दोन्ही बाजूंना पाकळी असलेला, आपला. पहिलीत पाटीवर गिरवलेला. शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी हाच पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितला होता, हे मला तिथं बसून कळलं. संगणकासाठी प्रत्येक अक्षराला एक अंक ठरवून देणाऱ्या युनिकोडला मात्र दोन्ही ल एकच. अंक एक, चेहरे दोन. चेहरा कोणता दाखवायचा ते फॉन्ट ठरवतो. बऱ्याच फॉन्टांत मराठी ल आत दडवून ठेवलेला असतो. सॉफ्टवेअरमधल्या यादीतून मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली की तो बाहेर येतो. नाही निवडली, तर बसतो आपला आत.

मी वीस वर्षं 'लोणचं' हा शब्द जुळवतेय. त्या यादीतून भाषा एकदाही निवडली नव्हती.

पुढची व्याख्यानं मी अर्धीच ऐकली. डोक्यात ल फिरत होता. रविवारच्या पुरवणीत नाटकांच्या जाहिराती यायच्या, त्यांतली कमल शेडग्यांची अक्षरं मी शाळेत असताना कापून वहीत चिकटवत असे. नाव वाचायच्या आधी नाटक हसवणार की रडवणार ते अक्षरावरून कळायचं. ती वही कुठे गेली? चहाच्या रांगेत मैत्रिणीनं आणखी एक भर घातली: विंडोजबरोबर येणारा मंगल फॉन्ट र. कृ. जोशींचा. मंगल म्हटलं की मला सरकारी पत्रच दिसायचं, त्यामुळे मी त्याला कायम नावं ठेवत आले. तो कोणीतरी, तेही एका कवीनं आणि सुलेखनकारानं, बसून काढला असेल हे कधी मनातच आलं नव्हतं.

घरी जाताना पाट्या वाचत गेले. हा एक नवीनच चाळा लागला. छापील फ्लेक्सवर बहुतेक दंडाचे ल. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका गाड्यावर पेंटरनं लाल रंगात 'लिंबू सरबत' लिहिलंय, त्याचा ल बघत उभी राहिले. डाव्या पाकळीपेक्षा उजवी जरा फुगलेली. उतरताना ब्रश भरलेला असणार. सरबतवाल्याला वाटलं मी भाव बघतेय. शेवटी एक प्यायले.

सोमवारी लिंबाच्या लोणच्याचं लेबल कोऱ्या पानावर सुरू केलं. लिंबाचं चित्र काढूनच टाकलं. मधोमध ल, मोठ्ठा. दोन पाकळ्या म्हणजे लिंबाच्या दोन फोडी. हातानं काढला, ट्रेस केला, परत काढला. एका ल ला दोन दिवस गेले. बिलात ते कुठे दाखवायचे, हा प्रश्न होताच. बाकीचा मजकूर भाषा बदलून नीट लावला आणि फाइल प्रेसला पाठवली.

तासाभरात प्रेसमधल्या ऑपरेटरचा फोन. म्हटलं झालं, आता विचारणार फॉन्ट मिसिंग आहे का.

"मॅडम, ल बदललात ना?"

"हो. मुद्दाम आहे तो. तसाच ठेवा."

"ठेवतो की. चांगला दिसतोय. पण खाली पत्त्यात 'डोंबिवली'चा ल जुनाच राहिलाय."

पत्ता मी मागच्या लेबलावरून चिकटवला होता.