केंब्रिजचा काळ खाणारा टोळ

केंब्रिजला एका दिवसासाठी जाणारे बहुतेक जण किंग्ज कॉलेजचं चॅपल बघून, नदीत होडीतून फिरून परततात. पण चॅपलपासून दोन-तीन मिनिटांवर, बेनेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर कॉर्पस क्लॉक नावाचं घड्याळ आहे. त्याच्यासाठी अर्धा तास राखून ठेवाच.

मी आईला घेऊन गेले होते. सुमारे दीड मीटर व्यासाची सोनेरी तबकडी, तिच्यावर ना काटे ना आकडे. फटींतून निळा उजेड दिसतो. आतलं वर्तुळ तासांचं, मधलं मिनिटांचं, बाहेरचं सेकंदांचं. एवढं कळलं की वेळ वाचता येते. वर बसलाय एक अक्राळविक्राळ टोळ, क्रोनोफेज, म्हणजे काळ खाणारा. पुढचे पाय टाकत तो दात्यांचं चाक एकेक दाता पुढे जाऊ देतो. मिनिट अर्धं सरलं की जबडा उघडू लागतो आणि एकोणसाठाव्या सेकंदाला खटकन मिटतो. "अगं, हा डोळे पण मिचकावतो!" आई काचेला नाक लावून म्हणाली.

हा टोळ शोभेचा नाही. इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसनने अठराव्या शतकात चाक एकेक दाता पुढे सोडणारी जी 'ग्रासहॉपर' म्हणजे टोळ रचना शोधली, ती एरवी घड्याळाच्या आत दडलेली असते. विजेच्या किटल्यांच्या थर्मोस्टॅटसाठी ओळखले जाणारे जॉन टेलर यांनी तीच मोठी करून सर्वांसमोर मांडली. 2008 मध्ये स्टीफन हॉकिंग यांच्या हस्ते अनावरण झालं.

घड्याळ मधेच अडखळलं तर बिघडलं समजू नका. लंबक रेंगाळतो, मग उजेड धावत जाऊन वेळ गाठतो. अचूक वेळ दर पाच मिनिटांनीच दिसते, तेव्हा गाडी गाठायला मोबाइलच बघा.

तिकीट नाही, घड्याळ रस्त्यावरूनच दिसतं. दिवसा काचेत समोरच्या इमारती उमटतात, फोटो नीट येत नाहीत, म्हणून तिन्हीसांजेला जा. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून जलद गाडीने साधारण पन्नास मिनिटं लागतात, पुढे स्टेशनपासून पायी पंचवीसेक. जवळच विद्यापीठाचं सेनेट हाऊस आहे. 1899 साली रँग्लर परांजपे गणिताच्या ज्या परीक्षेत पहिले आले, तिचे निकाल तिथेच वाचले जात. आम्ही तिथे थोडं थांबलो.

आणि तास भरायच्या आधी दहा मिनिटं घड्याळापाशी पोहोचा. इथे घंटा वाजत नाही, मागे लाकडी शवपेटीत साखळी पडते. आम्ही पाचचा आवाज ऐकला आणि निघालो, तर आईने माझा हात धरला. "सहाचा पण ऐकू गं. गाडी काय, पुढची मिळेल."