दारावरचे संत आणि आमचं संमेलन

आमच्या युवक मंडळाचं वार्षिक संमेलन १ नोव्हेंबरच्या, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या, लगतच्या रविवारी भरतं. सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, आणि मग सभागृहात कार्यक्रम. गाणी, नाटुकली, बक्षीस समारंभ सगळं यथासांग होतं, पण इतक्या वर्षांनंतर मनात राहिलाय तो संतांच्या गोष्टींचा तास.

त्या तासाचा नियम फादरांनी घालून दिला होता. पोप नकोत, राजे नकोत, मोठे धर्मपंडितही नकोत. ज्यांनी हयातभर साधं काम केलं त्यांच्यापैकी एकाची गोष्ट सांगायची, तीही हातात कागद न धरता. खोलीच्या भिंतीवर नट आणि खेळाडू लावायच्या वयात आम्ही त्या निमित्तानं स्वयंपाकी, झाडूवाले आणि द्वारपाल शोधत बसायचो.

द्वारपाल तर किती निघाले! स्पेनच्या मायोर्का बेटावर पाल्मा इथल्या येशूसंघीय (जेझुइट धर्मसंघाच्या) महाविद्यालयाचं दार सांभाळणारे अल्फोन्सस रॉड्रिग्ज घ्या. बायको गेली, मुलं गेली, धंदा बुडाला, तेव्हा कुठे उतारवयाकडे झुकताना त्यांना संघात प्रवेश मिळाला. घंटा वाजली की ‘आलो, प्रभू’ म्हणत ते दार उघडायला जात. त्याच महाविद्यालयात शिकायला आलेल्या पीटर क्लेव्हर नावाच्या तरुणाला त्यांनीच अमेरिका खंडात जायला सुचवलं. पुढे त्या तरुणानं आजच्या कोलंबियातल्या कार्ताहेना बंदरात जहाजांतून उतरवलेल्या आफ्रिकी गुलामांच्या सेवेत आयुष्य घालवलं. १८८८ साली दोघं एकाच दिवशी संत घोषित झाले.

तसेच कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे ब्रदर आंद्रे. लहानपणीच आईवडील गेले, शिक्षण जेमतेम, तब्येत तोळामासा. शाळेच्या दारावर त्यांची चाळीसएक वर्षं गेली. आजारी माणसं त्यांच्याकडे येत आणि ते सगळं श्रेय संत जोसेफला देत. १९३७च्या जानेवारीत ते वारले, तेव्हा कडाक्याच्या थंडीत त्यांच्या अंत्यदर्शनाला सुमारे दहा लाख लोक आले. दारावरच्या माणसाला!

एका वर्षी मात्र तो तास तासात आटपला नाही. अकरावीतल्या एका मुलीनं जोसेफिन बखिताची गोष्ट घेतली होती. सुरुवातीला तिचा आवाज कापत होता, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणं चाललं होतं. सुदानमधून लहानपणीच पळवून नेलेली मुलगी, पुन्हापुन्हा विकलेली, अंगावर नक्षी कोरून त्यात मीठ भरलेलं. भीतीनं स्वतःचं नावही विसरलेली. इटलीत ती मुक्त झाली, १८९० साली तिचा बाप्तिस्मा झाला. पुढे धर्मभगिनी होऊन तिनं स्कियो गावातल्या मठात स्वयंपाक, शिवणकाम आणि दारावरची सेवा केली. आणि मग त्या मुलीनं सांगितलं, की मला पळवणारे आज भेटले तर मी त्यांच्यासमोर गुडघे टेकून त्यांचे हात चुंबीन, असं बखिता म्हणायची, कारण ते घडलं नसतं तर ती ख्रिस्ताला ओळखू शकली नसती.

मागच्या रांगेतला एक मुलगा उसळून उठला. हे पटत नाही, अशानं गुन्हेगारांचं फावतं, म्हणाला. फादरांनी त्याला खाली बसवलं नाही. बखितानं गुलामगिरीला चांगलं म्हटलेलं नाही, आपल्या मनात द्वेषाला जागा दिली नाही, एवढंच ते म्हणाले आणि पुढचं मुलांवर सोडलं. पुढचे सगळे कार्यक्रम पुढे ढकलले गेले. अशी चर्चा मी नंतर कुठल्याही व्याख्यानमालेत ऐकलेली नाही.

आज आमच्यातले बहुतेकजण अशा ठिकाणी काम करतात जिथे देवाचा विषय निघाला की लोक चहाला उठतात. किती लोकांनी पाहिलं यावर माणसाची किंमत ठरते. तिथे हेच संत जवळचे वाटतात, कारण कुणी पाहत नसताना नीट काम कसं करावं, हे त्यांना ठाऊक होतं. आमची एक मैत्रीण रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर बसते. फोन वाजला की उचलण्याआधी ती मनात ‘आलो, प्रभू’ म्हणते. समोरच्याला यातलं काही कळत नाही आणि कळायची गरजही नाही.

अलीकडे संमेलनात वाद होतो तो पिएर जॉर्जो फ्रासाती या इटालियन तरुणावरून. २०२५च्या ७ सप्टेंबरला कार्लो आकुतिस या किशोरवयात वारलेल्या मुलाबरोबर त्यांना संतपद मिळालं. पण वडील वृत्तपत्राचे मालक, घर श्रीमंत, मग ते आपल्या नियमात बसतात का? माझ्या मते अगदी बसतात. तुरीनच्या गरीब वस्त्यांत ते काय करत होते याची घरच्यांनाही पुरती कल्पना नव्हती. १९२५मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्यांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा रस्त्यावर जमलेली गरिबांची गर्दी पाहून घरचे चकित झाले. पोलिओनं लुळ्या पडत चाललेल्या हातानं पिएर जॉर्जो यांनी जी शेवटची चिठ्ठी खरडली, तीही एका गरीब आजाऱ्याच्या इंजेक्शनांबद्दलच होती. यंदा त्यांची गोष्ट सांगायला दोन मुलं अडून बसली आहेत. मी तर म्हणते, दोघांनाही सांगू द्या, तास लांबला तरी चालेल.